पऱ्हाटीचा जाळ

आष्टीला निघालोय असं सांगितलं की घरचे, शेजारचे, गिरणीतले सगळे एकच विचारतात, कुठल्या? बरोबरच आहे. बीडची तालुक्याची आष्टी आहे, जिथं २०२२ साली नगरहून रेल्वे पोचली. वर्ध्याची आष्टी १९४२ च्या हुतात्म्यांची. मोहोळजवळच्या आष्टीला फेब्रुवारी १८१८ मध्ये बापू गोखले पडले. माझी आष्टी यांतली एकही नव्हे. ती जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यात, गोदावरीच्या अलीकडे. शाळेच्या इतिहासात तिचं नाव नाही, पण कापूस घेणाऱ्यांच्या वहीत ते हमखास सापडतं.

मी इचलकरंजीचा. आमच्या गावात कापूस कुणी पिकवत नाही; तो येतो गाठींच्या रूपानं, एकशे सत्तर किलोची एक, पट्ट्यांनी आवळलेली. त्याचं सूत होतं, सुताचं कापड होतं, आणि यंत्रमागाच्या खडखडाटात कापूस झाडाला लागतो हेसुद्धा माणूस विसरतो. सूतगिरणीसाठी रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, पारखायचं काम माझ्याकडं असल्यामुळं हंगामात जिनिंगच्या गावांना जावं लागतं. यंदा संक्रांतीच्या आधी परतूरकडं गेलो.

जालना सोडताना सळयांनी लादलेले ट्रक पुढं-मागं होते. या शहराची दोन नावं बाहेर गेली, एक लोखंडाच्या सळईनं आणि दुसरं बियाण्यानं. मधे कुठं मोसंबीच्या बागा. वाटूर मागं पडलं की मात्र जमीन मोकळी होते आणि काळी होते. आमच्याकडं शिरोळ-हातकणंगल्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाच्या भिंती. चार हातांपलीकडचं दिसत नाही, आणि बहुधा त्यामुळंच आम्ही माणसं जवळचंच बघत बोलतो. इथं नजर थेट क्षितिजापर्यंत जाते. मधे एखादं बाभळीचं झाड, एखादी विहीर, पोटरीतून बाहेर आलेली ज्वारी. आणि बांधाबांधावर उपटून रचलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग. कापूस वेचून झाला की उरतं ते वाळकं, करड्या रंगाचं, काटक्यांचं झाड. बायका त्याचे भारे डोक्यावर घेऊन रस्त्याच्या कडेनं ओळीनं चालल्या होत्या. भारा इतका रुंद की गाडीला वाट द्यायची तर त्यांना पूर्ण आडवं वळावं लागे. गाडीवाल्यांनीही त्याची सवय करून घेतलेली. हॉर्न कुणी देत नव्हतं.

जिनिंगमध्ये गेल्या गेल्या पाणी आलं. मग चहा. मग पुन्हा पाणी. मग घरचं सगळं ठीक का, पाऊस कसा झाला, कृष्णा-पंचगंगेला पूर आला होता का. कामाचा शब्द निघायला पाऊण तास गेला. आमच्या गावात मागांच्या आवाजानं लोकांचं बोलणं तोडून टाकलंय. दर काय, माल कधी, बस्स. इथं व्यवहार हा गप्पांच्या पोटातून हळूच बाहेर येतो. सुरुवातीला यानं माझा जीव खालीवर व्हायचा. आता वाटतं, यात त्यांचा एक हिशेब आहे. माणूस किती घाईत आहे हे त्या पाऊण तासात कळतं, आणि घाईत असलेलं गिऱ्हाईक दर जास्त देतं.

रुईचा ढीग छातीएवढा. हातात पुंजका घेऊन दोन्ही अंगठ्यांत धागा ओढायचा, पुन्हा जुळवायचा, पुन्हा ओढायचा; लांबी यंत्रावर मोजली जाते, तरी बोटांनी पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. लांबी चांगली होती. रंग मात्र पिवळट, मधे मधे डागाळलेली कवडी. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस नुसता ओतला, जायकवाडीतून पाणी सोडावं लागलं, गोदाकाठची उभी पिकं पाण्याखाली गेली. उमललेली बोंडं झाडावरच भिजली. लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलला ८,११० रुपये होता, पण तो चांगल्या मालाला. गाडी घेऊन आलेला एक शेतकरी माझ्याकडं बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, “तुम्ही मिलवाले ना? बाहेरच्या कापसावरची ड्यूटी काढली तव्हा पेढे वाटले असतील.” ऑगस्टमध्ये आयातीवरचं अकरा टक्के शुल्क काढलं होतं, ते थेट ३१ डिसेंबरपर्यंत. ऐन वेचणीचे महिने. आमच्या गिरणीत पेढे वाटले नव्हते, पण हायसं सगळ्यांनाच वाटलं होतं. मी गप्प राहिलो. त्यानंही विषय ताणला नाही. उलट खिशातून बोरं काढून माझ्या हातावर ठेवली.

दिवस मावळताना आष्टीत आलो. शेगावहून पंढरपूरकडं जाणारा दिंडी मार्ग इथून माजलगावला जातो, त्यामुळं गाव लहान असलं तरी रस्ता मोठा आहे आणि सगळा बाजार त्या रस्त्याला बिलगून बसलाय. सुटा कापूस घेणाऱ्यांचे काटे, खत-बियाण्यांची दुकानं, तीळ-गुळाचे आणि सुगड्यांचे ढीग, हरभऱ्याच्या डहाळ्यांच्या जुड्या. काट्यावर कापूस मोजून तिथल्या तिथं पैसे घेणाऱ्या बाया शेजारच्याच दुकानात बांगड्या भरायला वळत होत्या. थंडी चांगली होती. जागोजागी लोक पऱ्हाटीच्या शेकोट्या करून उकिडवे बसलेले, आणि त्या धुराचा एक गोडसर, किंचित तेलकट वास गावभर.

माझ्याबरोबर जिनिंगचे मालक आणि त्यांचे मुनीम होते. मुनीम माळकरी. जेवायला कुठं, हा प्रश्न पडला तेव्हा मालकांनी मुनीमजींकडं बघितलं आणि मुनीमजीच म्हणाले, “मामूकडं चला. पाहुणे कोल्हापूरकडचे आहेत, त्यांना वरण-भात काय खाऊ घालता?”

मामूचं हॉटेल म्हणजे माजलगाव रस्त्याला गावाबाहेर पत्र्याची एक शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि पुढ्यात उघड्यावर भट्टी. तेलाचा बॅरल उभा चिरून आडवा टाकलेला, त्याला खालून पाय जोडलेले. पाय कसले म्हणून वाकून पाहिलं तर पीळ असलेल्या सळया, स्लॅबमध्ये घालतात त्या. मामू साठीच्या पुढचे, पांढरी टोपी, बनियनवर स्वेटर. बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी. एकाच वाक्यात दोन्ही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा होता, आणि ते राज्य गेलं तरी त्याची जीभ मागं राहिली, बोलायचीही आणि खायचीही. शिगेवर खिमा थापायची रीत त्यांच्या वडिलांनी हैदराबादेत कुठल्याशा हॉटेलात काम करताना उचलली, असं ते म्हणाले.

ऑर्डर दिल्यावर जेवण येईल म्हणून मी टेबलावर बसलो. मालकांनी मला उठवलं. इथं भट्टीजवळ उभं राहायचं असतं. खरोखरच सगळी गिऱ्हाइकं तिथं होती: दोन ट्रकवाले, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम, शेतकी दुकानाचा पोऱ्या, आणि नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं, जरा बाजूला, पण उबेच्या टप्प्यात. हात पुढं करून सगळे जाळाकडं बघत होते.

जाळ कसा करतात हे पाहायला मिळालं म्हणून बरं झालं. मामूंनी आधी पऱ्हाटीचा एक हातभर जुडगा बॅरलमध्ये उभा केला आणि काडी लावली. पऱ्हाटी क्षणात धडाडून पेटते, माणूसभर ज्वाळा उठते आणि तितक्याच लवकर बसते. तिचा निखारा टिकत नाही. म्हणून त्या ज्वाळेत बाभळीचे ढलपे टाकायचे. बाभूळ सावकाश पेटते, पण एकदा निखारा पांढरा पडला की तासभर हटत नाही. तोवर शिगा लावायच्या नाहीत. “जल्दी करो तो बाहर से काला, अंदर से कच्चा,” मामू म्हणाले. त्यांचा नातू पंख्याऐवजी खताच्या गोणीचा तुकडा हलवत होता.

खिमा बोकडाचा. त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, आलं-लसूण हे असणारच. पण गोळा शिगेला धरून राहावा म्हणून शहरात डाळव दळून घालतात, तिथं मामू मूठभर येसर घालत होते. येसर म्हणजे मराठवाड्यातल्या घराघरातला भाजक्या धान्याचा आणि मसाल्याचा डबा. लग्नाच्या पंगतीतली आमटी त्यावरच उठते. हैदराबादी शिगेवर लग्नघरातला येसर. मी विचारलं, हे वडिलांनी शिकवलं का? ते म्हणाले, नाही, शेजारच्या पाटलीणबाई दर उन्हाळ्यात डबा भरून देतात, एकदा डाळव संपलं होतं, घालून बघितलं. तेव्हापासून डाळव आणलंच नाही.

शिगा लागल्या. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की चर्र होई आणि सगळ्यांच्या माना एकदम त्या बाजूला वळत. मामू एकेक शीग दोन बोटांनी फिरवत होते. शेवटी, उतरवायच्या अगदी आधी, त्यांनी पऱ्हाटीच्या चार काटक्या पुन्हा निखाऱ्यावर टाकल्या. भडका उठला, शिगा त्याच्या आत-बाहेर झाल्या आणि थेट ताटलीत आल्या. वरचा पापुद्रा करकरीत, आत रस, आणि जिभेवर पहिला येतो तो धूर. गावभर जो वास होता तोच, आता तोंडात. येसरामुळं मागून एक भाजक्या धान्याची चव रेंगाळत राहते. सोबत चिरलेला कांदा, लिंबू, मिरचीचा ठेचा आणि ज्वारीची भाकरी; नान मागितलं असतं तर मिळालं असतं, पण कुणी मागत नव्हतं.

आमच्या कोल्हापूरच्या मटणाबद्दल मी काही वावगं ऐकून घेणार नाही. पण तांबडा-पांढरा हा रस्सा आहे, आणि रस्सा माणसाला एकटा पाडतो. वाटी तोंडाला लावली की पुढं कोण बसलंय याची शुद्ध राहत नाही. कोल्हापूरच्या खानावळीत भरल्या दुपारी जाऊन बघा. पन्नास माणसं जेवतात आणि आवाज फक्त भुरक्यांचा. भाजलेलं मटण मात्र एका दमात येत नाही. एक शीग येते, ती चौघांत वाटली जाते, पुढची येईपर्यंत बोलणं भाग असतं. मुकादम त्याच्या टोळीतल्या भांडणाची गोष्ट सांगत होता ती तीन शिगांच्या मधल्या वेळांत पुरी झाली, आणि नव्या नवरीनंही मधेच एक प्रश्न विचारून घेतला.

गिरणीच्या कामासाठी पुण्याला गेलो की आम्हाला कधी कधी बार्बेक्यूच्या हॉटेलात नेतात. टेबलाच्या पोटात शेगडी, तीत सळया टोचलेल्या, आणि बाजूला एक चिमुकला झेंडा. झेंडा उभा आहे तोवर वाढपी आणत राहतो. पोट भरलं की तो आडवा करायचा. सोय म्हणून चांगलीच आहे. पण तिथं निखारा तयार होऊन येतो, तो कशाचा होता हे कुणी विचारत नाही आणि सांगतही नाही. आणि झेंड्याचं म्हणाल तर मामूकडं पुरे म्हणायची काही सोयच नव्हती. मी ताटलीवर हात आडवा धरला तर मालकांनी तो उचलून बाजूला ठेवला.

मुनीमजींचं काय? ते आमच्याच टेबलाला होते. शेडच्या मागं एक वेगळी चूल होती, निव्वळ पऱ्हाटीची. तिचा चिमटा वेगळा, खिळ्याला टांगलेला, तवा वेगळा. नातवानं हात धुऊन तिथं वांगी आणि कांदे भाजले. खानदेशात भरीत पऱ्हाटीवर भाजतात हे ऐकून होतो, इथंही तेच. वांग्याला उभा, लवकर सरणारा जाळ लागतो, बाभळीच्या धगीवर ते नुसतं सुकतं. भरीत आलं तेव्हा मुनीमजींनी त्यातलं अर्धं माझ्या ताटलीत सारलं आणि स्वतःच्या हातानं माझ्यापुढची शिगांची थाळी जरा लांब सरकवून घेतली, विटाळ म्हणून नव्हे, लिंबाला जागा करायला. आमच्याकडं मटणाच्या टेबलाला माळकरी आला तर त्याची चेष्टा झाल्याशिवाय राहत नाही, आणि म्हणून तो येतच नाही. इथं एकादशी, वारी, माळ सगळ्यांनाच इतकी सवयीची की तिचं कौतुकही नाही आणि अडचणही नाही. मामूंनी फक्त एकदा मागं वळून नातवाला विचारलं, “चिमटा वोच है ना?”

रात्री गर्दी ओसरल्यावर मामू येऊन बसले. मी कापसाचा माणूस म्हटल्यावर त्यांनी तक्रार माझ्याकडंच केली. पऱ्हाटी पूर्वीसारखी मिळत नाही. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली तेव्हापासून शेतकी खातं सांगतं, फरदड, म्हणजे त्याच झाडांवरचं मागचं पीक, घेऊ नका, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका, अळी तिच्यात झोपते. सांगतात ते खरंच आहे. कुणी ट्रॅक्टरला यंत्र लावून रानातच तिचा भुगा करतं. जमिनीला ते बरं. काही ठिकाणी पांढऱ्या कोळशाचे कारखानदार ट्रॉलीवर विकत घेतात. आणि पुष्कळांनी कपाशीच सोडली; वेचायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. मग सोयाबीन पेरायचं. मशीन आलं की एका दिवसात रान मोकळं.

“साब, सोयाबीन के भुशे पे कबाब नई होते,” मामू म्हणाले.

हे मी कधी असं पाहिलंच नव्हतं. गावाची चूल गावाच्या पिकावर चालते. पीक बाजारात जातं, उरलेलं चुलीत येतं, आणि चव त्या उरलेल्याची असते. पंचगंगेच्या काठी माझ्या लहानपणी गुऱ्हाळं रात्रभर चालायची. काहिलीखाली उसाची वाळकी चिपाडं सारत जळव्या बसलेला असायचा, आणि त्याच्या राखेत आम्ही रताळी पुरायचो. त्या रताळ्यांना गुळाच्या वाफेचा आणि चिपाडाच्या धुराचा वास असे. आता बहुतेक ऊस कारखान्याला जातो, चिपाडं तिथल्या बॉयलरमध्ये जळतात, त्यावर वीजही होते. वाईट काही झालं नाही, शेतकऱ्याला उलट सोयच झाली. पण तसं रताळं पुन्हा खायला मिळालं नाही, आणि त्याचं कारण मला आष्टीच्या शेडमध्ये, एका कबाबवाल्यानं सांगावं लागलं.

मामूंना मी विचारलं, मग पुढं काय? ते म्हणाले, गॅसची भट्टी बघून ठेवलीय, नातवाला हवी आहे. मग हसून म्हणाले, त्याला मशीनवरचा खिमाही हवाय.

पैसे कुणी द्यायचे यावरून दर वेळी जे होतं तेच झालं. मी खिशात हात घातला, मालकांनी मनगट धरलं, मामू गल्ल्यावरून म्हणाले की पाहुण्यांचे पैसे या गावात चालत नाहीत. पाहुणा हा कापसाचा दर पाडायला आलेला आहे, हे तिघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी हुरड्याला नेलं. तो कालचाच शेतकरी, ड्यूटीवाला. त्याचं रान आष्टीच्या खाली गोदावरीच्या बाजूला. खालच्या पट्टीत सप्टेंबरच्या पाण्यानं आणून टाकलेला गाळ अजून भेगाळलेला दिसत होता. वरच्या पट्टीत ज्वारी उभी होती, पेरणी उशिरा झालेली, म्हणून हुरडा आता कुठं धरलेला. बांधाला आगटी होती. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात पेटून लाल झालेल्या गोवऱ्या, आणि त्या धगीत खुपसलेली कणसं. इथं ज्वाळा नको, धूरही नको. दाणा हिरवा राहून फक्त फुलला पाहिजे. काल रात्रीच्या भट्टीवर भडका हवा होता, इथं तो उठला तर माल गेला. कणीस बाहेर काढून शेतकऱ्याच्या आईनं ते दोन्ही तळव्यांत चोळलं. मी धरून बघितलं, चटका बसला. त्या बाईला काही वाटत नव्हतं. फुंकर मारून भुसा उडवला की हिरवे, मऊ, गोड दाणे मागं राहतात. सोबत गूळ, खोबरं-लसणाची चटणी, दही. परभणीच्या कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ नावाचा वाण काढलाय, दाणा सहज सुटतो म्हणतात. म्हातारीला त्याचं काही कौतुक नव्हतं. तिचं बी तिच्या घरचं.

शहराजवळच्या हुरडा पार्ट्यांत आता बैलगाडी, झोके, सगळं असतं. इथं एक पोतं अंथरलेलं होतं आणि मुनीमजी त्यावर मांडी घालून सगळ्यांच्या आधी खात होते. आज त्यांना वेगळी चूल नको होती.

शेतकरी माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून बघत होता. “हे तुमच्या सुताचं?”

असेल, म्हटलं, आमच्याच गावचं कापड आहे.

“मग यात आमचा कापूस किती रुपयांचा?”

हा हिशेब मी कधी केला नव्हता, पण अवघड नव्हता. शर्टाचं कापड धरा पाव किलो. सुताला आणि विणकामात घट जाते, म्हणजे रुई तीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. क्विंटलभर कापसातून रुई निघते चौतीस-पस्तीस किलो. म्हणजे साधारण साडेआठशे-नऊशे ग्रॅम कापूस. त्याला मिळाला तो दर धरून मी म्हणालो, साठ-पासष्ट रुपये.

मुनीमजींनी तोंडातला हुरडा संपवला आणि बोटांवर काहीतरी मोजलं. “सरकी वजा करा ना साहेब. सरकी काही शर्टात जात नाही. तेल वेगळं, पेंड वेगळी. पंचेचाळीस म्हणा.”

“आणि पऱ्हाटी?” म्हातारीनं विचारलं.

“पऱ्हाटीचे काही नाही, काकू.”

शेतकऱ्यानं आगटीतून शेवटचं कणीस काढून माझ्या हातात दिलं. “उठा आता,” तो म्हणाला, “अजून थोडं बसले तर फुकट देऊ राहिलो म्हणाल.”